आठ महिने वॉरफ्रेम: खेळ फुकट, मग पैसे येतात कुठून?

वॉरफ्रेम हा ऑनलाइन लढाईचा गेम सुरू करून आठ महिने झाले. एरवी रात्री जेवणानंतर तासभर, रविवारी तीन-चार तास, असा माझा खेळ. एवढ्या काळात पैसे एकदाच भरले, तेही स्वखुशीने. त्याआधी एका मोबाईल गेममध्ये (नाव देत नाही) पेट्या उघडण्याच्या नादात तीन महिन्यांत साडेचार हजार रुपये गेले होते. पेटीत काय आहे ते पैसे दिल्यावरच कळायचं, आणि हवं ते पात्र शेवटपर्यंत निघालं नाही. त्यानंतर ‘फ्री’ लिहिलेलं काही डाउनलोड करायचीच धास्ती बसली होती.

वॉरफ्रेम कॅनडातल्या डिजिटल एक्स्ट्रीम्सचा, 2013 पासून चालू असलेला. विकतचं चलन म्हणजे प्लॅटिनम. नवीन खात्यात 50 प्लॅटिनम आधीच असतं. नवीन येणाऱ्यांना कळकळीने सांगतो, ते उडवू नका. नवा वॉरफ्रेम, म्हणजे तुमचा लढवय्या, फाउंड्रीत (खेळातल्या कारखान्यात) तयार व्हायला 72 तास लागतात आणि ‘आत्ताच हवा’ म्हटलं की 50 प्लॅटिनम लागतं. बरोब्बर हातात असतं तेवढंच! तीन दिवस थांबा. वॉरफ्रेम ठेवायला सुरुवातीला दोनच स्लॉट असतात आणि पुढचा प्रत्येक स्लॉट 20 प्लॅटिनमचा. खर्च करायचाच तर तिथे करा. माझ्या मते या खेळात पैशाची खरी गरज भासते ती जागेसाठी. ताकद खेळून मिळते.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. प्लॅटिनम खेळाडू एकमेकांना देऊ शकतात. त्यासाठी मास्टरी रँक (खेळून वाढणारा खेळाडूचा दर्जा) 2 आणि खात्याला दुहेरी पडताळणी एवढं लागतं. माझा पहिला सौदा अजून डोळ्यांसमोर आहे. मंगळावरच्या मारूज बझारमध्ये उभा होतो. एका प्राइम, म्हणजे सुधारित आवृत्तीच्या, बंदुकीची नळी माझ्याकडे दोनदा आली होती. चॅटमध्ये ‘विकणे आहे’ टाकलं आणि दोन मिनिटांत एकजण समोर येऊन उभा राहिला. स्क्रीनवर सौद्याची खिडकी उघडली, मी नळी ठेवली, त्याने 12 प्लॅटिनम ठेवलं, दोघांनी होकार दिला. अनोळखी माणसाने आभार मानले आणि गेला. आठवड्याभरात आणखी एक भाग विकला आणि तिसरा स्लॉट घेतला, खिशातला एक रुपया न घालता.

पण ते प्लॅटिनम कुणीतरी पैसे मोजून घेतलेलंच होतं. सुरुवातीचं 50 तर कुणाला देताच येत नाही. म्हणजे ज्याच्याकडे वेळ नाही तो पैसे भरतो, ज्याच्याकडे वेळ आहे तो माल काढतो, आणि कंपनीची कमाई दोघांच्या मधल्या देवाणघेवाणीवर चालते. मी पैसे न भरताही तिच्या उपयोगाचा आहे. हे कळल्यावर फुकट खेळण्याचा संकोच गेला.

नशिबाचा भाग इथेही आहे. प्राइमचे भाग रेलिकमधून, म्हणजे खेळून मिळणाऱ्या एक प्रकारच्या पेट्यांमधून, निघतात. साध्या रेलिकमधून दुर्मीळ वस्तू निघण्याची शक्यता 2 टक्के, पूर्ण सुधारलेल्यातून 10. पण हे आकडे कंपनी स्वतःच जाहीर करते. शिवाय चौघे मिळून खेळलात तर चौघांच्या रेलिकमधून निघालेल्यातलं हवं ते एक प्रत्येकाला उचलता येतं, त्यामुळे संध्याकाळ रिकामी जात नाही. आणि एक जुनी गोष्ट: कुब्रो या कुत्र्यासारख्या साथीदाराचा रंग नशिबाने बदलण्याची सोय एकेकाळी विकत मिळायची. एका खेळाडूने ती तब्बल 200 वेळा वापरल्याचं दिसलं तेव्हा कंपनीने ती काढूनच टाकली. माझे ते साडेचार हजार गेले नसते तर मला या निर्णयाची किंमत कळली नसती.

भरलेल्या पैशांबद्दलही सांगतो. लॉगिनच्या बक्षिसात कधीकधी प्लॅटिनमवर 75 टक्के सवलत येते. पाचव्या महिन्यात ती आली आणि मी घेतलं. पूर्ण भावाने घेऊ नका, वाट बघा. त्यातलं बरंचसं रंगांच्या पॅलेटवर आणि खांद्यावरच्या उपरण्यासारख्या सियांदानावर घातलं. लढाईत त्याचा शून्य उपयोग, पण मला ते फार आवडतं.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असलेल्या मावसभावालाही आता खातं काढून दिलंय. कार्ड जोडलेलं नाही. परवा त्याने पहिला वॉरफ्रेम फाउंड्रीत लावला. रोज रात्री फोन करून सांगतो, “दादा, अजून एकतीस तास.”