साताऱ्यात मासे खायला गेलो आणि फसलो, तुम्ही तरी नीट बघून बसा

आम्ही सांगलीचे, लेकीच्या ॲडमिशनसाठी जुलैत साताऱ्याला गेलो होतो. मी, हे, लेक आणि सासूबाई. पोवई नाका आणि राजवाडा सोडला तर साताऱ्यातलं आम्हाला काही माहीत नाही. रविवारी सकाळी होस्टेल बघून होईपर्यंत अकरा वाजले, कुणी नाश्ता केला नव्हता, आणि हायवेकडच्या त्या नवीन वस्तीत एका सीफूड हॉटेलचा मोठा बोर्ड दिसला, संडे ब्रंच ३९९ रुपये. लेक म्हणाली जाऊया, आजीला मासे आवडतात.

आत बसल्यावर कळलं की ३९९ मध्ये अंडी, चिकन, पाव, सरबत एवढंच, मासे वेगळे. हे बाहेरच्या बोर्डावर कुठंच नव्हतं. वेटर लगेच ट्रेमध्ये बर्फावर एक पापलेट आणि सुरमई घेऊन आला, म्हणाला काकी सकाळीच चिपळूणहून कुंभार्ली घाटातून गाडी आलीय, एकदम ताजं. सासूबाईंचं माहेर दाभोळचं. त्या हळूच मला म्हणाल्या, अगं आत्ता कुठली ताजी सुरमई, नारळी पौर्णिमा व्हायचीय अजून. बरोबरच होतं त्यांचं, १ जून ते ३१ जुलै आपल्याकडं यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, म्हणजे तो मासा बहुतेक फ्रीजरमधला नाहीतर बाहेरच्या राज्यातला. मी त्यांना म्हटलं आई जाऊ दे, पोरगी एवढ्या हौसेनं बसलीय. याचं मला अजून वाईट वाटतं.

मेन्यूकार्डवर पापलेट २४० आणि सुरमई १९० लिहिलेलं, आम्हाला वाटलं प्लेटचा रेट. वेटर म्हणाला दोन्ही तवा फ्राय करून आणतो, आम्ही हो म्हटलं. वजन कुणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. सुरमईचे सहा पातळ तुकडे आले, पापलेट तर ट्रेमध्ये दाखवलेल्यापेक्षा लहानच वाटलं आणि आतून पिठासारखं भुसभुशीत. सासूबाईंनी दोन घास खाऊन ताट बाजूला सारलं.

बिल आलं ५३७२ रुपयांचं. पापलेट ६०० ग्रॅम १४४०, सुरमई ८५० ग्रॅम १६१५, चार ब्रंच १५९६, वर १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्या सगळ्यावर ५ टक्के जीएसटी. यांनी मेन्यूकार्ड परत मागवलं तर रेटच्या खाली मुंगीएवढ्या अक्षरात १०० ग्रॅम लिहिलेलं! एवढ्याशा तुकड्यांचं साडेआठशे ग्रॅम कसं होतं विचारलं तर मॅनेजर म्हणे ते साफ करायच्या आधीचं वजन असतं दादा, सगळीकडं असंच असतं.

सर्व्हिस चार्जचं मात्र यांना माहीत होतं. ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ लाच सांगितलंय की हॉटेलला तो आपोआप बिलात लावता येत नाही, मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानंही ते उचलून धरलं. मॅनेजर आधी कंपल्सरी आहे म्हणत होता, हे जागचे हलेनात तेव्हा काढला, बिल ४८८४ झालं. त्या गडबडीत आमचं एका गोष्टीकडं लक्षच गेलं नाही, ते घरी आल्यावर दिसलं, जीएसटी लावलाय पण बिलावर जीएसटी नंबरच नाही. पंधरा अक्षरांचा असतो तो, महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो. आणि यूपीआयमध्ये हॉटेलचं नाव नाही, कुणातरी माणसाचं नाव आलंय.

तुम्ही अशा ठिकाणी गेलात तर मासा तुमच्यासमोर काट्यावर ठेवायला लावा, आकड्याचा फोटो काढा, रेट कशाचा आणि साफ करायच्या आधीचा की नंतरचा हे ऑर्डर द्यायच्या आधी विचारा, आणि पैसे देण्याआधी बिलावरचा जीएसटी नंबर बघा, लाजू नका.

दुसऱ्या दिवशी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, त्यांनी तक्रार नोंदवून घेतली, बिलाचा फोटो आणि यूपीआयची पावती जोडलीय. जीएसटीचं निदान कागदावर तरी आहे. वजनाचं काय सांगणार, काट्यावर ठेवलेला मासा आमच्यातल्या कुणीच बघितला नव्हता.