अरारात येरेवान, १९७३: लीग मोठी की कप?

१९७३ साली आर्मेनियातल्या येरेवान शहराच्या अरारात या फुटबॉल क्लबनं सोव्हिएत लीग आणि कप दोन्ही जिंकले. दोन्ही वेळा मागे पडला तो बलाढ्य डायनॅमो कीव्ह, आणि प्रशिक्षक होते निकिता सिमोन्यान.

आठवणीत राहतो तो कपच. मॉस्कोतल्या अंतिम सामन्यात कीव्ह १-० नं पुढे, घड्याळ संपत आलेलं, आणि लेव्हॉन इश्तोयाननं बरोबरी साधली! जादा वेळेत दुसरा गोलही त्याचाच, २-१. आजही वाचताना अंगावर काटा येतो.

तरी माझं मत लीगला. एका रात्रीत नशीब साथ देऊ शकतं, पण ३० सामने तग धरायला संघच लागतो. त्यात त्या हंगामाचा नियम कडक: बरोबरी झाली की पेनल्टी, आणि त्यात हरलात तर एकही गुण नाही. अशा हंगामात अरारात ३९ गुणांवर, कीव्ह ३६ वर.

शिवाय युरोपियन कपचं, म्हणजे युरोपातल्या लीगविजेत्या क्लबांच्या स्पर्धेचं, दार लीगनंच उघडलं. १९७५ च्या उपांत्यपूर्व फेरीत म्युनिकमध्ये जर्मन क्लब बायर्नकडून ०-२ हार झाली, पण येरेवानला त्याच गतविजेत्या बायर्नला अरारातनं १-० नं हरवलं.