पहिलं किट कुठलं घ्यावं: एचजी, आरजी, एमजी की एंटरप्राइझ?

प्लॅस्टिक मॉडेलचं किट नुसतं जोडून कपाटात ठेवायचं असेल तर जपानी कंपनी बंदाईचं हल्लीचं कुठलंही गंडम (जपानी अ‍ॅनिमे मालिकेतला रोबो) घ्या, निराशा होणार नाही. प्रश्न येतो तो रंग बदलायचा, अंगावर नव्या रेषा कोरायच्या, एकाचे हात दुसऱ्याला लावायचे असं मनात असेल तेव्हा. ‘जितका वरचा ग्रेड, तितकं किट चांगलं’ हा सल्ला सगळीकडे मिळतो. मला तो पटत नाही. ज्याला स्वतःचं काही करायचंय, त्याने कंपनीने आपल्यासाठी किती काम शिल्लक ठेवलंय ते बघावं.

तुलनेसाठी एकच रोबो घेऊ: १९७९ च्या मूळ गंडम मालिकेतला पांढरा-निळा-लाल आरएक्स-७८-२. कथेत त्याची उंची १८ मीटर. एचजी (हाय ग्रेड) आणि आरजी (रिअल ग्रेड) हे दोन्ही ग्रेड १/१४४ प्रमाणाचे, म्हणजे साडेबारा सेंटीमीटर. एमजी (मास्टर ग्रेड) १/१०० चा, १८ सेंटीमीटर. पीजी (परफेक्ट ग्रेड) १/६० चा, ३० सेंटीमीटर.

खरी चुरस एचजी आणि आरजीत, कारण उंची तीच. आरजी हा ग्रेड २०१० पासूनचा. तेवढ्याशा उंचीत आत सांगाडा, वर पांढऱ्याच्याच वेगवेगळ्या छटांचे पत्रे, आणि नखाहून लहान तुकडे. रंग न लावताही ते इतकं देखणं दिसतं की बघत राहावं. पण नेमकं म्हणूनच ते शिकाऊ हातासाठी नाही. तुकडे एकमेकांत इतके नेमके बसतात की रंगाचा थर चढला की सांधा हलवताना तो खरवडला जातो. नव्या रेषा कोरायच्या तर मोकळी जागा उरलेली नसते. जोडण्यातलाच आनंद हवा असेल तर आरजीसारखं दुसरं काही नाही. २०२४ ची दुसरी आवृत्ती डोळे मिटून घ्या.

एचजीचं उलट आहे. २०१५ चा आरएक्स-७८-२ घ्या. छाती, ढाल, पोटऱ्या बऱ्यापैकी सपाट. काही ठिकाणी रंग स्टिकरवर भागवलेला, तिथे ब्रश चालवायला वाव. आणि बंदूक दोन अर्ध्या भागांची, मधोमध जोडरेषा दिसणारी. ही रेषा घालवणं हा या छंदातला पहिला खरा धडा. दोन भाग किंचित उघडे ठेवून फटीत पातळ सिमेंट (प्लॅस्टिक जोडायचा द्रव) सोडायचं. ते आपोआप आत ओढलं जातं आणि प्लॅस्टिक विरघळवतं. मग दाबायचं. फटीतून वितळलेल्या प्लॅस्टिकची बारीक कड बाहेर आली की समजायचं, जमलं. दोन दिवस हात लावायचा नाही. नंतर ४००, ६००, ८०० असा पॉलिश पेपर पाण्यात बुडवून फिरवायचा. रेषा गेली की बंदूक एकसंध दिसते, आणि तो क्षण मला आजही फार आवडतो.

हात बसवण्यासाठी याहून स्वस्त हवं असेल तर २०२० चा एन्ट्री ग्रेड आहे. जपानमधली मूळ किंमत ७०० येन, आणि तुकडे हाताने सुटतात, निपरही (कापायची पक्कड) लागत नाही. घरातल्या मुलासाठी उत्तम, आणि नवा रंग आजमावून बघायलाही.

एमजी मला दुसरं किट म्हणून योग्य वाटतं. सांगाडा वेगळा, चिलखत वेगळं, त्यामुळे वरचे भाग काढून सुटे रंगवता येतात. त्यातही २००८ ची आवृत्ती २.० साधी, गुळगुळीत, मालिकेतल्या चित्रासारखी. २०१३ ची ३.० अंगभर रेषांनी भरलेली. स्वतः कोरायचं असेल तर जुनीच घ्या. पीजीचा विचार सध्या नको.

एक इशारा सगळ्या ग्रेडना लागू आहे. रेषांत भरायचा इनॅमल रंग एबीएस या प्लॅस्टिकच्या ताणलेल्या सांध्यात झिरपला की प्लॅस्टिक तडकतं. आधी चकचकीत क्लिअर कोट द्या, मग रेषा भरा. शेवटचा मॅट टॉपकोट मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यात मारू नका. दमट हवेत तो पांढुरका पडतो आणि गडद निळ्यावर ते लगेच दिसतं. कोरड्या दिवसाची वाट बघा, आणि खिडकी उघडी ठेवून, मास्क लावून काम करा.

रोबो नको, अंतराळयानच हवं, असं असेल तर बंदाईचं स्टार वॉर्समधलं १/७२ एक्स-विंग आणि स्टार ट्रेकची एंटरप्राइझ यांत निवड करा. एक्स-विंग सिमेंटशिवाय जुळतं, साधारण १७ सेंटीमीटरचं होतं आणि भाग बऱ्याच अंशी रंगीतच येतात. त्यावर काम करायचं ते धूळ, काजळी, उडालेल्या रंगाचं. जरा धीट असाल तर रणगाड्यांच्या किटमधले उरलेले तुकडे चिकटवा. १९७७ च्या मूळ स्टार वॉर्स चित्रपटासाठी मॉडेल बनवणाऱ्यांनी हेच केलं होतं.

एंटरप्राइझ मात्र पूर्ण परीक्षा घेते. एएमटी कंपनीचं किट १९६६ पासूनचं, सिमेंटने जोडायचं. मागची दोन लांब इंजिनं ज्या पातळ खांबांवर उभी असतात, ते वजनाने वाकतात म्हणून या किटची जुनी ख्याती आहे. खांबांत पितळी तार घालणं हा त्यावरचा उपाय. यानाच्या पुढच्या बशीसारख्या भागाच्या कडेची जोडरेषा पुट्टी भरून घासावी लागते. आत एलईडी बसवायचे असतील तर भाग आतून आधी काळे रंगवा, नाहीतर खिडक्यांऐवजी अख्खी बशीच उजळते. सुरुवात पोलर लाइट्स कंपनीच्या १/१००० पासून करा, ती जेमतेम २९ सेंटीमीटरची आहे. १/३५० ची ८० सेंटीमीटरच्या पुढे जाते. ती मागवण्याआधी ठेवायची जागा टेपने मोजून घ्या.