ड्रम टर्न करावा की नवा घ्यावा, बेअरिंग धुवावं की बदलावं? जुन्या मारुती ८०० च्या मागच्या चाकांचा हिशेब

मारुती ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी सगळ्यात ताजी ८०० सुद्धा दहा वर्षं ओलांडून गेलेली आहे. या वयाच्या गाडीत एक दिवस मागून घरघर सुरू होते, हँडब्रेक आणखी दोन खटके वर येतो, आणि गॅरेजमध्ये दोनपैकी एक सल्ला मिळतो. एक म्हणजे, ‘खोलून साफ करतो, ग्रीस मारतो, चालेल अजून.’ दुसरा, ‘जुनी गाडी आहे, सगळंच नवं टाकू.’ माझ्या मते दोन्ही सल्ले चुकीचे, कारण दोन्ही ड्रम (चाकाबरोबर फिरणारं ब्रेकचं भांडं) उघडण्याआधीच दिलेले असतात. एकाच ड्रमच्या आत काही वस्तू दुरुस्त करण्याजोग्या असतात, तर काहींवर पैसे वाचवणं धोक्याचं असतं.

आधी एक गोष्ट. या गाडीत मागचा ड्रम आणि हब (चाकाचा मधला भाग) हे एकच ओतकाम आहे, आणि बेअरिंगं त्यातच बसवलेली असतात. ब्रेकसाठी ड्रम काढला की बेअरिंगही हातात येतं. त्यामुळे दोन्ही कामं एकाच खेपेला उरकावीत. ‘आत्ता ब्रेकचे लायनर करू, बेअरिंग पुढच्या वेळी’ म्हटलं की मजुरी दोनदा जाते.

ड्रम: टर्निंग की नवा?

ड्रम बीडाचा असतो आणि बीड लेथवर छान कापलं जातं. ड्रमवर कमाल व्यासाचा आकडा ओतलेला असतो. गंज खरवडून तो वाचा. मग आतला व्यास दोन-तीन ठिकाणी मोजा. एकाच जागी मोजून ड्रम लंबगोल झालाय का ते कळत नाही. झीज मर्यादेच्या निम्म्याच्या आत असेल तर टर्निंग करा, म्हणजे ड्रम लेथवर आतून कापून सारखा करून घ्या. मर्यादेजवळ पोचली असेल तर नवा ड्रम घ्या, कारण टर्निंगमध्ये आणखी धातू जाणार आणि पुढच्या झिजेसाठी काही उरायला हवं. बारीकशी जरी चीर दिसली तरी ड्रम भंगारात. तापून निळे-काळे डाग पडलेले असतील, तर तिथलं बीड कडक झालेलं असतं. हत्यार त्यावरून उड्या मारतं आणि ब्रेकला थरथर राहते. असाही ड्रम नको.

आम्ही कोल्हापूरकर या बाबतीत सुखी. उद्यमनगर या इथल्या औद्योगिक वसाहतीत लेथ शोधावा लागत नाही. पण चांगल्या लेथवाल्यालाही एक गोष्ट सांगावी लागते: ड्रम बाहेरच्या कडेनं चकमध्ये धरू नका, बेअरिंगच्या बैठकीवरून सेंटर घ्या. चाक फिरतं ते बेअरिंगवर. कडेवरून सेंटर घेतलेला ड्रम लेथवर गोल दिसतो, गाडीत मात्र डुलतो आणि पेडल पायाखाली धडधडतं. दोन्ही बाजूंचे ड्रम सारख्याच व्यासाचे करून घ्या, नाहीतर ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढेल.

नवा ड्रम घ्यायचा ठरला, तर जुना सोबत न्या आणि दोन्ही हातांत तोलून बघा. झिजलेल्या जुन्यापेक्षाही नवा हलका लागला तर दुकानातच ठेवा. पातळ ओतकामाचा ड्रम घाटात लवकर तापतो.

शू आणि रबर

जीपसारख्या जुन्या गाड्यांचे शू (ड्रमला आतून दाबणाऱ्या कमानी) नवं लायनर (त्यांवरचं घासणारं अस्तर) ठोकून पुन्हा वापरण्यात अर्थ आहे, कारण शूचं पोलाद दणकट असतं आणि चांगला नवा सेट सहज मिळेलच असं नाही. ८०० चे नवे शू मात्र सहज मिळतात आणि महागही नसतात. इथे जुन्या शूवर लायनर चिकटवून घेण्यात वाचतं त्यापेक्षा धास्ती जास्त. दोन्ही चाकांचे चारही शू एकदमच बदला. ऑइल सील गळून लायनर ग्रीस प्यायलं असेल, तर ते पेट्रोलनं धुऊन किंवा जाळून ‘कोरडं’ करून देणारे भेटतील. त्यांना नको म्हणा. आत मुरलेलं ग्रीस ब्रेक तापला की परत वर येतं.

ड्रममधली काळी धूळ हवेनं उडवू नका आणि उडवू देऊ नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं आणि ते फुप्फुसात गेलं की तिथेच राहतं. पाण्यानं भिजवून फडक्यानं पुसा. काम करणाऱ्या पोरालाही हे सांगा, त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

व्हील सिलिंडर (पेडल दाबलं की शू बाहेर ढकलणारा) आतून गुळगुळीत असेल तर रबरांचं किट पुरतं. नखाला खड्डा लागला तर सिलिंडरच बदला.

बेअरिंग: इथे सगळ्यात जास्त चुका होतात

अशा जुन्या गाड्यांच्या चाकांत बेअरिंग दोन जातींची असतात आणि त्यांचे नियम एकमेकांच्या उलट आहेत. महिंद्राच्या जुन्या जीपला पुढे टेपर रोलर (निमुळत्या रोलरांचं) बेअरिंग असतं. ते काढून रॉकेलमध्ये धुवावं, रोलर आणि कप (बाहेरची रिंग) उजेडात बघावेत. निळसर झाक, खड्डा, ओरखडा काही नसेल, तर तळहातावर ग्रीस घेऊन ते रोलरांच्या मधून पलीकडे निघेपर्यंत दाबून भरावं आणि तेच बेअरिंग परत घालावं. खराबी दिसली तर कप आणि कोन (रोलरांसकट आतली रिंग) दोन्ही बदलावेत, जोडी फोडू नये. बसवताना चाक फिरवत फिरवत, ते जड होईपर्यंत नट आवळायचा आणि मग साधारण एक षष्ठांश फेरा मागे घ्यायचा. टेपरला किंचित मोकळीक लागते.

८०० च्या मागच्या चाकात बॉल बेअरिंग आहेत आणि दोन्हींच्या मध्ये स्पेसर (अंतर राखणारी नळी) असतो. इथे मोकळीक नटानं ठरत नाही. मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला (आवळण्याच्या ठरलेल्या जोराला) नट पूर्ण आवळायचा आणि नवी स्प्लिट पिन घालायची. नट सैल राहिला तर आतली रेस (बेअरिंगची आतली रिंग) स्पिंडलवर, म्हणजे चाकाच्या स्थिर दांड्यावर, घसरत फिरते आणि स्पिंडलच खाते.

हे मी माझ्या १९९८ च्या ८०० वर शिकलो. ज्यानं काम केलं तो जीपचा उत्तम कारागीर होता. हात सफाईदार, ग्रीस भरलेलं नेमकं. पण त्यानं सवयीनं जीपसारखाच नट मागे घेतला. तीन महिन्यांत घरघर परत आली, आणि ड्रम काढला तेव्हा स्पिंडलवर रेस फिरल्याची कड पडलेली होती. बेअरिंगच्या खर्चात भागलं असतं, तिथे स्पिंडलचा खर्च आला.

८०० चं बेअरिंग धुऊन परत वापरण्याच्या मी विरोधात आहे. ड्रममधून काढताना घाव आतल्या रेसवर बसतो, तो गोळ्यांतून पुढे जातो आणि ट्रॅकवर बारीक खळगे पडतात. डोळ्यांना दिसत नाहीत, महिन्याभरानं ऐकू येतात. म्हणून काढलं की नवंच घाला, सीलसकट. बसवताना जोर बाहेरच्या रेसवर द्या. जुन्या बेअरिंगची बाहेरची रिंग त्यासाठी बरी पडते. स्पेसर विसरू नका. नवं बेअरिंग ओळखीच्या दुकानातूनच घ्या, नक्कल माल याच वस्तूत फार येतो.

घरी, गल्लीतल्या गॅरेजात की वर्कशॉपमध्ये?

शू बदलणं आणि साफसफाई घरी जमते. अट एकच, गाडी नुसत्या जॅकवर सोडायची नाही, खाली स्टँड हवेत आणि पुढच्या चाकांना दगड. बेअरिंगसाठी प्रेस आणि टॉर्क रेंच असलेली जागा निवडा, ती गल्लीतली असो की मोठी. आवळताना टॉर्क किती, हे विचारा. ‘अंदाज आहे हाताला’ असं उत्तर आलं तर ड्रम उचलून दुसरीकडे न्या.

काम झाल्यावर पहिले दोनशे किलोमीटर शू ड्रमला बसेपर्यंत जोरात ब्रेक मारू नका. पहिल्याच दिवशी दहा किलोमीटर जाऊन या, थांबताना ब्रेक हलकेच वापरा आणि उतरून दोन्ही ड्रमजवळ हात न्या, आधी न टेकवता. दोन्ही सारखे कोमट असतील तर ठीक. एकाच बाजूला हात धरवत नसेल, तर त्या बाजूचा शू घासतोय किंवा बेअरिंग नीट बसलेलं नाही. ते चाक त्याच दिवशी परत उघडायला सांगा.