ग्रीन टी कुकीजसाठी माचा पावडर: एक परीक्षण, अननस, हापूस आणि कैरीच्या थरासह

ग्रीन टीच्या कुकीज घरी करू पाहणाऱ्याला बाजारात ‘ग्रीन टी पावडर’ या एकाच नावाखाली तीन निरनिराळ्या वस्तू मिळतात. पहिली जपानमधून येणारी माचा पावडर, म्हणजे सावलीत वाढवलेल्या चहाच्या पानांची अतिशय बारीक पूड, दुसरी नेहमीच्या ग्रीन टीची पाने दळून केलेली पूड आणि तिसरी दुधात घालून पिण्यासाठीचे तयार मिश्रण, ज्यात साखर आणि दूध पावडर यांचाच भरणा अधिक असतो. तिन्हींची पाकिटे हिरवी असतात आणि तिन्हींवर कोवळ्या पानांचे चित्र असते, परंतु ओव्हनमध्ये गेल्यावर त्यांचे वागणे इतके वेगळे असते की कुकीचा निम्मा निकाल दुकानातच लागलेला असतो. हे परीक्षण मुख्यतः पहिल्या वस्तूचे, आणि त्यातही ‘कलिनरी’ म्हणजे स्वयंपाकासाठीच्या दर्जाच्या माचाचे आहे. माझे मत आधीच सांगते: तो महाग आहे, तरीही या कुकीजसाठी त्याला पर्याय नाही, आणि कुकीजवर फळांचा थर द्यायचा असेल तर गोड फळापेक्षा आंबट फळाला पसंती द्यावी.

किंमत इतकी का, हे माचा कसा तयार होतो ते पाहिल्यावर कळते. माचासाठी राखलेल्या झुडपांवर तोडणीपूर्वी साधारण तीन आठवडे आच्छादन घालून ऊन अडवले जाते. सावलीत पानांमधले हरितद्रव्य वाढते आणि थिॲनिन हे चवीला भरीव, किंचित गोडसर लागणारे अमिनो आम्ल टिकून राहते. भर उन्हात वाढलेल्या पानांत त्याऐवजी तुरटपणा देणारी कॅटेचिन द्रव्ये अधिक तयार होतात. तोडलेली पाने लगेच वाफवतात, त्यामुळे ती काळवंडत नाहीत. मग ती न वळता वाळवून, देठ आणि शिरा काढून, उरलेला पानाचा भाग दळला जातो. उत्तम माचा आजही दगडी जात्यावर दळतात आणि असे एक जाते तासाला जेमतेम ३० ते ४० ग्रॅम पूड देते, कारण वेग वाढवला की दगड तापतो आणि उष्णतेने सुगंध बिघडतो. स्वयंपाकासाठीचा माचा बहुधा यंत्रावर दळलेला असतो, म्हणून तो तुलनेने स्वस्त पडतो. क्योतोजवळचे उजी आणि आइची प्रांतातले निशिओ ही या चहाची जुनी आणि नामांकित ठिकाणे आहेत. गेल्या काही वर्षांत जगभरातून मागणी इतकी वाढली की २०२४च्या शरद ऋतूत क्योतोच्या इप्पोदो आणि उजीच्या मारुक्यू कोयामाएन यांसारख्या जुन्या पेढ्यांना ग्राहकांच्या खरेदीवर मर्यादा घालाव्या लागल्या. त्या तुटवड्याचा परिणाम आपल्याकडच्या दरांवरही झाला आहे.

डब्यावरच्या ‘सेरेमोनियल’ आणि ‘कलिनरी’ या शब्दांना कोणत्याही कायद्याची व्याख्या नाही, हे खरेदीपूर्वी लक्षात ठेवावे. विक्रेते साधारणपणे पहिल्या तोडणीच्या, मऊ चवीच्या पुडीला पहिले नाव देतात आणि नंतरच्या तोडणीच्या, अधिक कडू आणि तुरट पुडीला दुसरे. नुसत्या पाण्यात घुसळून पिण्यासाठी पहिलीच हवी. कुकीसाठी मात्र मी निःसंकोच दुसरी सुचवेन, कारण लोणी आणि साखर यांच्या दाट चवीतून वर येण्यासाठी चहाला तो कडवटपणा लागतो. महागड्या माचाचे नाजूक गुण मैद्यात आणि उष्णतेत हरवतात, आणि दुप्पट-तिप्पट पैसे मोजून हाती फिकट चवीची कुकी येते.

आता दळलेल्या ग्रीन टीविषयी. कांगडा, निलगिरी किंवा आसामचा ग्रीन टी पिण्यासाठी सुरेख असतो आणि पुढचे बोलणे त्याच्या दर्जाविषयी नाही. परंतु तो उन्हात वाढलेल्या पानांचा, वळून वाळवलेला चहा आहे. त्यात हरितद्रव्य कमी असते आणि घरच्या मिक्सरमध्ये तो कितीही फिरवला तरी त्याचे कण दाताखाली येत राहतात. भाजल्यावर कुकी पिवळट-तपकिरी होते, चव वाळक्या गवताकडे झुकते आणि मागे कचकच उरते. तयार मिश्रणाचा प्रश्न आणखी वेगळा आहे. त्यातली साखर आणि दूध पावडर भाजताना लवकर तांबूस होतात, त्यामुळे हिरवा रंग टिकत नाही आणि साखरेचे प्रमाणही कोलमडते. पाकिटावरची घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने दिलेली असते. तीत पहिले नाव साखरेचे असेल तर ते पाकीट कुकीसाठी घेऊ नये. यादीत आयएनएस १०२ आणि आयएनएस १३३ हे खाद्य-मिश्रकांचे (ॲडिटिव्हचे) क्रमांक एकत्र दिसले तर तो हिरवेपणा पिवळ्या आणि निळ्या खाद्यरंगांच्या मिश्रणाचा आहे, असे समजावे. खऱ्या माचाच्या यादीत चहाखेरीज दुसरे काहीही नसते.

चांगली पूड ओळखणे अवघड नाही. चिमूटभर माचा पांढऱ्या कागदावर बोटाने ओढला की त्याचा पट्टा ताज्या, किंचित निळसर झाक असलेल्या हिरव्या रंगाचा दिसावा; तो शेवाळी किंवा पिवळट दिसला तर पूड जुनी आहे किंवा प्रकाशात राहिलेली आहे. बोटांत चोळल्यावर ती टाल्कम पावडरसारखी लागावी, कण जाणवू नयेत. वास कोवळ्या पालेभाजीच्या अंगाने जाणारा आणि ताजा असावा. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मला पारदर्शक काचेच्या बरणीत आलेला माचा उघडतानाच शेवाळी होता आणि त्याला सुक्या गवताचा वास होता. वापरण्याची मुदत मात्र वर्षभराहून अधिक बाकी होती. म्हणून मुदतीच्या तारखेपेक्षा वेष्टनाकडे पाहावे. पत्र्याचा डबा किंवा चांदीच्या रंगाचे जाड, हवाबंद पाकीट असेल तरच घ्यावे आणि ३० ग्रॅमहून मोठे घेऊ नये. आपल्या किनारपट्टीच्या दमट हवेत उघडलेला डबा झपाट्याने उतरतो. तो फ्रिजमध्ये घट्ट बंद ठेवावा, आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्याखेरीज उघडू नये, नाहीतर आत दव धरते आणि पुडीच्या गुठळ्या होतात.

परीक्षणासाठी मी मुद्दाम साधी, बिनअंड्याची कृती निवडली, म्हणजे चहाचे गुणदोष झाकले जाणार नाहीत. १५० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम बिनमिठाचे पांढरे लोणी, ६० ग्रॅम पिठीसाखर, ६ ग्रॅम माचा आणि चिमूटभर मीठ एवढ्यात साधारण दोन डझन लहान कुकीज होतात. म्हणजे ३० ग्रॅमचा डबा पाच वेळा पुरतो आणि एका कुकीत पाव ग्रॅम चहा जातो. (माचात कॅफिन असते, तेव्हा लहान मुलांना रात्री झोपण्याच्या वेळी या कुकीज देणे टाळावे.) मैदा आणि माचा एकत्र दोनदा चाळून घ्यावा, कारण माचाची गुठळी पिठात राहिली तर भाजल्यावर तिचा गडद, कडू ठिपका होतो. लोणी आणि साखर फेसून त्यात हे पीठ घालावे, फार न मळता गोळा करावा, अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावा आणि पेराएवढ्या जाडीला लाटून कापावे. ओव्हन १५० अंश सेल्सिअसवर तापवून मधल्या कप्प्यात १६ ते १८ मिनिटे भाजावे. कडा तांबूस होण्याची वाट पाहू नये; या कुकीत तांबूस कड म्हणजे जास्त भाजल्याची खूण आहे. बाहेर काढताना त्या मऊ लागतात आणि जाळीवर गार झाल्यावर खुसखुशीत होतात.

ज्यांचा हात नानकटाईवर बसलेला आहे, त्यांना दोन गोष्टी बदलाव्या लागतील. नानकटाईचा प्राण असलेले साजूक तूप इथे चालत नाही, कारण त्याच्या खमंग वासापुढे चहा उभा राहू शकत नाही. दुसरे, खायचा सोडा अजिबात घालू नये. सोड्याने पीठ अल्कधर्मी होते, पृष्ठभाग लवकर तांबूस होतो आणि चहातली कॅटेचिनही त्या वातावरणात तपकिरी पडतात. खारे पिवळे बटरही टाळावे. त्याच्या पिवळेपणाने हिरव्या रंगाचे तेज जाते.

या कसोटीवर चांगला कलिनरी माचा पूर्ण उतरतो. रंग भाजण्यापूर्वीपेक्षा थोडा मंद होतो, पण स्पष्ट हिरवा राहतो. पहिल्या घासाला लोणी आणि गोडवा लागतो, मग चहाचा कडवटपणा येतो आणि घास गिळल्यावरही तो जिभेच्या मागच्या बाजूला रेंगाळतो. हा रेंगाळणारा कडवटपणाच मला या कुकीत सर्वांत मोलाचा वाटतो, आणि फळाचा थर निवडताना तोच जपायचा आहे.

थर कुकी भाजून पूर्ण गार झाल्यावरच द्यावा. कच्च्या पिठावर फळ ठेवून भाजले तर फळातले पाणी कुकी लिबलिबीत करतेच, शिवाय आम्ल आणि उष्णता एकत्र आल्यावर हरितद्रव्यातला मॅग्नेशियमचा अणू निघून जातो आणि फळाच्या भोवती मातकट, शेवाळी कडे उमटते.

अननस या कुकीचा सर्वांत चांगला जोडीदार आहे. तैवानमध्ये लोण्याच्या खुसखुशीत आवरणात आटवलेल्या अननसाचा गर भरून केलेले लहान केक चहाबरोबर खाण्याची रीत आहे, आणि ती जोडी इतकी लोकप्रिय का झाली हे ही कुकी खाताना समजते. अननसाचा आंबटपणा लोण्याचा जडपणा कापतो, त्याचा गोडवा चहाच्या कडूपणाला तोलतो आणि दोघांपैकी कोणीही दुसऱ्याला दाबत नाही. पाव किलो बारीक चिरलेला अननस, ५० ग्रॅम साखर आणि चमचाभर लिंबाचा रस मंद आचेवर, चमच्यावरून गर जडपणे पडेपर्यंत आटवावा. थर जेलीसारखा हवा असेल तर एक खबरदारी घ्यावी लागते: न शिजवलेल्या अननसात ब्रोमेलेन हे प्रथिने तोडणारे विकर (एन्झाइम) असते आणि जिलेटिन हे प्रथिनच आहे, त्यामुळे जिलेटिन घातलेला न शिजवलेल्या अननसाचा थर कधीच जमत नाही. फळ शिजवल्यावर हे विकर निष्क्रिय होते. चायना ग्रास वापरल्यास हा प्रश्नच येत नाही, कारण ते समुद्रशैवालापासून केलेले असते आणि त्यात प्रथिन नसते.

हापूसविषयी लिहिताना मन कचरते, परंतु परीक्षण प्रामाणिक असले पाहिजे. पिकलेल्या हापूसचा सुगंध इतका प्रबळ आणि गोडवा इतका भरगच्च असतो की त्याच्या थराखाली माचाची चव जवळजवळ नाहीशी होते. उरते ती हिरव्या रंगाची आंब्याची कुकी. डबाबंद रसात बहुतेक वेळा साखर मिसळलेली असते, त्यामुळे तो आणखीच गोड पडतो. हापूसच हवा असेल तर बिनसाखरेचा रस घ्यावा, तो निम्म्यापर्यंत आटवावा, त्यात लिंबाचा रस आणि किसलेली लिंबाची साल घालावी आणि अगदी पातळ थर द्यावा. इतके करूनही तो अननसाची बरोबरी करत नाही.

कैरीने मात्र मला जिंकले. चैत्रात बाजारात येणारी घट्ट कैरी किसून साखरेत शिजवली की होणारा साखरांबा या कुकीवर विलक्षण खुलतो, फक्त त्यात नेहमीप्रमाणे वेलदोडा किंवा केशर घालू नये. दोघांचेही वास चहाशी भांडतात. किसाचे पारदर्शक, सोनेरी धागे हिरव्या कुकीवर सुंदर दिसतात, आणि कैरीत पेक्टिन भरपूर असल्याने थर वेगळे काही न घालता आपोआप धरतो. किस फार बारीक असू नये, नाहीतर त्याचा लगदा होतो.

पॅशन फ्रूट केरळ, कोडगू आणि ईशान्येकडून येते आणि आता मोठ्या शहरांतल्या फळवाल्यांकडे दिसते. त्याचा झोंबणारा आंबटपणा आणि करकरीत बिया या कुकीला शोभतात, फक्त गर कॉर्नफ्लोअर आणि साखर घालून थोडा घट्ट करून घ्यावा लागतो. फणसाचा थर मी सुचवणार नाही. त्याचा वास चहाला पुरता झाकतो. भाजलेले सुके खोबरे मात्र कोणत्याही थरावर चिमूटभर भुरभुरावे, चव एकदम उजळते.

थर दिलेल्या कुकीज दोन-तीन तासांत संपवाव्यात, त्यापुढे त्या नरम पडू लागतात. पाहुण्यांसाठी करायच्या असतील तर नुसत्या कुकीज आधी भाजून हवाबंद डब्यात ठेवाव्यात, त्या आठवडाभर उत्तम टिकतात. आटवलेला गर फ्रिजमध्ये वेगळा ठेवावा आणि वाढण्याच्या थोडे आधी प्रत्येकीवर चहाच्या चमच्याने अर्धा चमचा गर पसरावा. कुकीजसाठी डबा पत्र्याचा किंवा स्टीलचा घ्यावा, कारण काचेच्या बरणीत उजेडाने त्यांचा हिरवा रंग काही दिवसांतच फिकट होतो.