फास्मरचा व्युत्पत्तिकोश: आठ महिन्यांनंतर

रशियन शिकताना शब्दांच्या मुळाशी जायची खोड लागली आणि रशियन शब्दांची मुळं सांगणाऱ्या फास्मरच्या कोशाचे चार जुने खंड घेतले. मूळ कोश जर्मनमध्ये लिहिलेला, १९५०-५८ मध्ये हायडेलबर्गला छापला गेला. माझ्याकडे त्रुबाचोव्हचं रशियन भाषांतर आहे. (विकणाऱ्यानं ‘उत्तम स्थिती’ म्हटलं होतं, पहिल्या खंडाची शिवण महिन्याभरात सुटली. असो.)

सगळ्यात मळलेलं पान तिसऱ्या खंडातलं, ‘स्नोखा’चं. स्नोखा म्हणजे सून, पण सासऱ्याची. सासू तिलाच ‘न्येवेस्त्का’ म्हणते. नोंद छोटीशीच, पण तिच्यात लॅटिन नुरुस, ग्रीक नुओस आणि आपली स्नुषा शेजारी शेजारी. स्नुषेची प्राकृतात सुण्हा झाली, मराठीत सून. ग्रीक नुओस दिसायला पुल्लिंगी, चालतो स्त्रीलिंगी. संस्कृत आणि स्लाव्ह (रशियन, चेक वगैरे भाषांचं कुळ) दोघांनी मात्र शेवटी ‘आ’ लावून गोंधळ मिटवला.

आद्य-स्लाव्ह, म्हणजे या कुळाच्या मूळ भाषेतलं, रूप *स्नुखा. डोक्यावरचा तारा म्हणजे हे कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही, लेकींच्या तोंडावळ्यावरून आई ताडलेली. ‘उ’नंतरच्या ‘स’चा संस्कृतात ‘ष’ झाला, तिकडे ‘ख’. हा नियम वर्गात दोनदा पाठ केला होता, कळला तो इथे. यातला ‘उ’ अगदी निसटता, नियमानं रशियनमध्ये गळायलाच हवा. पण षष्ठीच्या अनेकवचनात तो टिकून ‘ओ’ झाला आणि तिथून बाकीच्या रूपांत शिरला, असं मानतात.

तक्रार एकच, पण मोठी: कोश शब्द चालवून दाखवत नाही. ‘सुनेला’ म्हणताना ‘ख’ बदलायचा, दक्षिणेच्या आणि पूर्वेच्या स्लाव्ह भाषांत ‘स’, पश्चिमेच्या भाषांत ‘श’. चेक माणूस आजही ‘स्नाखा’चं ‘स्नाशे’ करतो. रशियनांनी ‘ख’ परत आणून ‘स्नोख्ये’ केलं. हे सगळं दुसऱ्या व्याकरणातून शोधावं लागलं. संक्षेपांची यादीही पहिले दोन महिने हाताशी ठेवावी लागते.

मला आवडतात ते चौकोनी कंस. भाषांतर करता करता त्रुबाचोव्हनं आपली भर त्यांत घातली आहे, शेवटी नुसता ‘त’. मूळ नोंद वाचायची आणि मग हा काय म्हणतो ते बघायचं.

सासूबाईंना स्नुषा-स्नोखा सांगितलं तर म्हणाल्या, “आणि सासूला काय म्हणतात गं?” स्वेक्रोव्ह, म्हणजे श्वश्रू. तीही तिसऱ्याच खंडात. श्वश्रूतल्या दुसऱ्या ‘श’च्या जागी तिकडे ‘स’ यायला हवा, आलाय ‘क’. सध्या त्यातच अडकले आहे.