लेसरनंतरही पडद्यावर नव्या रक्तवाहिन्या: पुन्हा लेसर, इंजेक्शन की ऑपरेशन?

मधुमेहासाठी डोळ्याच्या पडद्याला लेसर झाले, तरी नव्या, कमकुवत रक्तवाहिन्या टिकून आहेत. अशा वेळी आधी तारीख बघा. लेसरचा पूर्ण परिणाम दिसायला साधारण ६ ते ८ आठवडे जातात. त्यानंतरही वाहिन्या ताज्या असतील, तर झालेल्या लेसरचा हिशेब काढायला हवा. ०.१ सेकंदाच्या जुन्या पद्धतीत १२०० ते १६०० ठिपके पूर्ण लेसर मानले जातात. पॅटर्न लेसरचा (एका वेळी अनेक ठिपके देणारी नवी पद्धत) ठिपका ०.०२ सेकंदाचा आणि पुढे आकसणारा, म्हणून तेवढेच दिले की लेसर अपुरे पडते.

वाइड-फील्ड अँजिओग्राफीत (पडद्याच्या कडेपर्यंतच्या रक्तवाहिन्यांचे फोटो) लेसर न झालेले, रक्तपुरवठा तुटलेले भाग दिसले तर आमची पहिली पसंती भर लेसरला, म्हणजे उरलेल्या जागी आणखी लेसर. खर्च कमी, परिणाम कायमचा. मात्र कडेची आणि रात्रीची नजर थोडी घटते, आणि पडद्याच्या मध्यभागी सूज असेल तर ती वाढू शकते. सूज असल्यास आधी डोळ्यात औषधाचे इंजेक्शन, मग लेसर.

इंजेक्शनने वाहिन्या काही दिवसांतच सुकतात, पण औषध आठवड्यांत उतरते. अमेरिकेतल्या २०१५च्या अभ्यासात रॅनिबिझुमॅब हे इंजेक्शन दोन वर्षांअखेर दृष्टीच्या बाबतीत लेसरपेक्षा कमी ठरले नाही. पण त्या रुग्णांची तपासणी नेमाने होत होती. गावाहून फेऱ्या जमणार नसतील तर केवळ इंजेक्शनवर विसंबू नका. मध्येच खंड पडलेल्या डोळ्यांत पडदा ओढला जाऊन सुटल्याचे दिसले आहे. बेव्हॅसिझुमॅब (१.२५ मिग्रॅ) हे दुसरे इंजेक्शन स्वस्त पडते, पण एका बाटलीतून अनेक सिरिंज भरतात, त्यामुळे त्या कुठे आणि कशा भरल्या हे जरूर विचारा. इंजेक्शननंतरच्या आठवड्यात वेदना, लाली वाढली किंवा नजर घसरली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

वाहिन्यांसोबत पांढरे तंतू असतील तर सावधान: इंजेक्शनने ते आकसून पडदा ओढू शकतात. म्हणून अशा डोळ्यात ऑपरेशनची तारीख ठरल्यावर, काही दिवस आधीच इंजेक्शन द्यावे.

पडद्याचा मध्यभाग ओढला जात असेल तर व्हिट्रेक्टॉमी (डोळ्यातला जेलीसारखा भाग काढण्याचे ऑपरेशन) टाळू नये. डोळ्यात नुसता रक्तस्राव असेल तर निवडीला वाव आहे: २०२०च्या तुलनात्मक अभ्यासात अफ्लिबरसेप्टचे इंजेक्शन आणि ऑपरेशन यांत २४ आठवड्यांच्या सरासरी दृष्टीत ठोस फरक आढळला नाही, पण ऑपरेशनने नजर लवकर मोकळी झाली. उरलेले लेसरही त्याच वेळी आतून होते. मोतीबिंदू मात्र लवकर येतो.

बुबुळावर नव्या वाहिन्या दिसल्या तर निवड करत बसू नये. डोळ्याचा दाब चढण्याआधी लगेच इंजेक्शन, आणि औषध उतरण्याआधी भर लेसर.